वाचकांचे प्रश्न : पवनचक्की मोठी केली की स्वस्त पडते का?

कोकण किनाऱ्यावरील पवनऊर्जेविषयी आलेल्या पत्रांपैकी खर्चाशी संबंधित प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. पहिला प्रश्न मुळाशी जाणारा असल्यामुळे त्याला जास्त जागा दिली आहे. पुढची उत्तरे बरीचशी त्याच उत्तराच्या आधाराने दिलेली आहेत.

प्रश्न : मी पदविका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना यंत्ररचना शिकवतो. व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वीज वाढते आणि घनाच्या प्रमाणात वजन वाढते, असे मी वर्गात सांगितल्यावर एका विद्यार्थ्याने विचारले की, मग मोठी पवनचक्की नेहमी महागच पडायला हवी. तरी कंपन्या अधिकाधिक मोठी यंत्रे का बनवतात? त्याला काय सांगावे, आणि आकार बदलल्यावर खर्चाचा अंदाज कागदावर कसा बांधावा?
— एक अधिव्याख्याता, रत्नागिरी

उत्तर : आपल्या विद्यार्थ्याचा तर्क बरोबर आहे. वाऱ्यातून मिळणारी शक्ती ही फिरणाऱ्या पात्यांनी व्यापलेल्या वर्तुळाच्या क्षेत्रफळावर आणि वाऱ्याच्या वेगाच्या घनावर अवलंबून असते. तिच्यातलीही जास्तीत जास्त ५९.३ टक्केच काढून घेता येते. आल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाणारी ही मर्यादा यंत्र लहान असो वा मोठे, सारखीच लागू होते. म्हणजे व्यास दुप्पट केला तर वीज चौपट होते. पण तेच यंत्र सर्व बाजूंनी हुबेहूब दुप्पट केले तर त्याचे वजन आठपट होते. किंमत वजनामागे चालते असे धरले, तर दर युनिटमागचा भांडवली खर्च दुप्पट झाला पाहिजे.

एकदम मोठी उडी मारणाऱ्यांना याचा फटका बसलेलाही आहे. अमेरिकेत व्हरमाँट राज्यातील एका डोंगरावर १९४१ मध्ये १.२५ मेगावॉटची, ५३ मीटर व्यासाची स्मिथ-पुटनम पवनचक्की उभी राहिली. मार्च १९४५ मध्ये तिचे एक पाते तुटून पडले आणि ती पुन्हा सुरू झाली नाही. जर्मनीची १०० मीटर व्यासाची, ३ मेगावॉटची ग्रोवियन १९८३ मध्ये उभी राहिली आणि जेमतेम काहीशे तास चालून मोडीत निघाली. याच काळात डॅनिश कारखानदार मात्र २२ किलोवॉट, ५५ किलोवॉट, मग शंभर-दोनशे किलोवॉट अशा पायऱ्या चढत होते, आणि पुढचा बाजार त्यांनीच काबीज केला.

उत्तराची किल्ली ‘हुबेहूब’ या अटीत आहे, कारण कोणताही रचनाकार जुने पाते नुसते ताणून मोठे करत नाही. पात्याची जाडी मुळाशी वाढवणे आणि टोकाकडे कमी करणे, काचतंतूच्या जोडीला कार्बनतंतू वापरणे, जोराचा वारा आला की पाती स्वतःच्या आसाभोवती वळवून ताण उतरवणे, अशा उपायांनी घनाचा नियम मोडता येत नसला तरी त्याची धार कमी करता येते. अमेरिकेच्या राष्ट्रीय नवीकरणीय ऊर्जा प्रयोगशाळेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या खर्चाच्या प्रारूपात हे स्पष्ट दिसते. जुन्या पद्धतीच्या पात्याचे वजन त्यात लांबीच्या सुमारे २.९ व्या घाताने वाढते, तर सुधारित पात्याचे २.५३ व्या घाताने. लांबी दुप्पट केल्यावर पहिले साडेसातपट जड होते, दुसरे पावणेसहापटीच्या आसपास. चारपेक्षा दोन्ही आकडे जास्तच आहेत. पाती एवढाच हिशेब असता तर आपल्या विद्यार्थ्याचे म्हणणे तिथेच मान्य करावे लागले असते.

परंतु पवनचक्की म्हणजे नुसती पाती नव्हेत, आणि तिचा प्रत्येक भाग वेगळ्या वेगाने महाग होतो. त्याच प्रारूपात पोलादी मनोऱ्याचे वजन हे पात्यांचे क्षेत्रफळ आणि मनोऱ्याची उंची यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात वाढते. व्यास आणि उंची दोन्ही दुप्पट केल्यास मनोरा आठपट जड होतो. पायाचा खर्च मात्र त्याच गुणाकाराच्या साधारण ०.४ व्या घाताने वाढतो, म्हणजे तिथे आठपटीचा परिणाम सव्वादोनपटीहून किंचित अधिक एवढाच उरतो. जनित्र आणि विद्युत-इलेक्ट्रॉनिक सामग्री किलोवॉटच्या सरळ प्रमाणात चालते. गिअरबॉक्सची किंमत किलोवॉटच्या १.२५ व्या घाताने वाढत असल्यामुळे क्षमता चौपट झाली की ती साडेपाचपटीच्या पुढे जाते. नियंत्रण आणि सुरक्षा यंत्रणेला यंत्र केवढे आहे याचे फारसे सोयरसुतक नसते. तिचा खर्च जवळजवळ कायम राहतो. रस्ता, केबल, जमिनीचे व्यवहार, परवानग्या, तपासणीसाठी वर चढणारा माणूस हे सारे दर मेगावॉटमागे नसून बहुतांशी दर यंत्रामागे असते. यंत्रांची संख्या चतुर्थांश झाली की या बाबींत होणारी बचत पात्यांतला आणि मनोऱ्यातला तोटा काही मर्यादेपर्यंत भरून काढते. ती मर्यादा कुठे येते, हे जागेवर आणि त्या काळच्या तंत्रावर ठरते. म्हणून एकच ‘योग्य आकार’ शोधण्याचा खटाटोप मला व्यर्थ वाटतो. समुद्रात पाया आणि जहाजे यांचाच खर्च प्रचंड असल्याने १५ मेगावॉटची, २३६ मीटर व्यासाची यंत्रे तिथे परवडतात; जमिनीवर तो हिशेब सहसा जुळत नाही.

आता कागदावरच्या अंदाजाविषयी. ज्याची खरी किंमत ठाऊक आहे असे एक मूळ यंत्र घ्यावे, त्याच्या खर्चाची भागवार फोड करावी, प्रत्येक भागाला त्याचा घातांक लावावा आणि मगच बेरीज करावी. एकूण किमतीला एकच सरासरी घातांक लावणे सोपे असते, पण त्यात रचना बदलल्याचा परिणाम कुठेच दिसत नाही, आणि आपल्याला तर तोच पाहायचा असतो. विद्यार्थी एका ठिकाणी हमखास अडखळतात. वर दिलेला गिअरबॉक्सचा घातांक किलोवॉटवर आहे, पण गिअरबॉक्स प्रत्यक्षात पेलतो तो पीळ, म्हणजे टॉर्क. पात्यांच्या टोकाचा वेग कायम ठेवला तर व्यास वाढताना फेरे कमी होतात. म्हणून क्षमता तेवढीच ठेवून नुसता व्यास दुप्पट केला तरी आसावरचा पीळ दुप्पट होतो, आणि किलोवॉटवर आधारलेले सूत्र मात्र ‘खर्चात काहीच बदल नाही’ असे सांगते. हल्ली कमी वाऱ्याच्या जागांसाठी नेमकी अशीच यंत्रे बनतात. त्यामुळे त्यांच्यासाठी हे सूत्र जसेच्या तसे वापरू नये; पिळावर आधारलेला हिशेब करावा.

दुसरी सावधगिरी किमतींच्या काळाविषयी. त्या प्रारूपातले आकडे २००२ च्या डॉलरमध्ये आहेत. अमेरिकेत २००२ ते २००८ या काळात तंत्र सुधारत असतानाही पवनचक्क्यांचे दर किलोवॉटचे भाव सुमारे दुप्पट झाले. पोलाद आणि तांबे महागले, मागणी वाढली आणि डॉलर घसरला, ही त्यामागची मोठी कारणे होती. आकारमानाचे नियम दोन रचनांची तुलना करायला उपयोगी पडतात; उद्या निविदेत काय भाव येईल हे ते सांगत नाहीत.

शेवटी भागाकार करायचा तो युनिटांनी. एकूण भांडवलाचा वार्षिक हप्ता आणि वर्षाचा देखभाल खर्च यांच्या बेरजेला वर्षभरातल्या युनिटांनी भागावे. इथे उंचीचा फायदा हिशेबात येतो. वाऱ्याचा वेग उंचीच्या एक-सप्तमांश घाताने वाढतो असे साधारणपणे धरतात. त्यानुसार मनोरा ६५ मीटरवरून १३० मीटर केला तर वेग सुमारे १० टक्के आणि वाऱ्यातली शक्ती सुमारे ३५ टक्के वाढते. मात्र आपल्या किनाऱ्यावर हा आकडा डोळे झाकून घेऊ नये. पावसाळ्यातला वारा थेट समुद्रावरून येतो. पाण्याचा पृष्ठभाग झाडाझुडपांच्या मानाने गुळगुळीत असल्यामुळे उंचीनुसार वेगातली वाढ कमी असते आणि उंच मनोऱ्याचा फायदा तेवढा मिळत नाही. किनाऱ्यापासून आत, आंबा-काजूच्या बागांच्या पलीकडे, तोच फायदा वाढतो. शिवाय सड्याच्या, म्हणजे कातळाच्या पठाराच्या, ऐन कड्यावर वारा उसळून भोवरे तयार होतात. तिथे दोन वेगवेगळ्या उंचींवर वर्षभर वारा मोजल्याशिवाय केलेला हिशेब केवळ शोभेचा ठरतो.

प्रश्न : देवगडच्या लहान पवनचक्क्या आम्ही लहानपणापासून पाहत आलो. त्यांच्या जागी एकच आजच्या काळातली मोठी पवनचक्की बसवली तर वीज स्वस्त पडेल का?
— एक आंबा बागायतदार, देवगड तालुका

उत्तर : भारतातले पवनऊर्जेचे पहिले प्रात्यक्षिक प्रकल्प १९८६ च्या सुमारास किनाऱ्यांवरच उभे राहिले. गुजरातेत ओखा, तमिळनाडूत तिरुनेलवेली आणि आपल्याकडे कोकण या भागांत तेव्हा ५५ किलोवॉटची यंत्रे आणली गेली. त्या यंत्राचा व्यास सुमारे १५ मीटर होता. आज जमिनीवर सर्रास बसणारे, १४० मीटर व्यासाचे ३ मेगावॉटचे यंत्र घेतले तर पात्यांनी व्यापलेले क्षेत्र तब्बल ८७ पट होते, क्षमता मात्र ५५ पटीच्या आतबाहेरच राहते. जुन्या यंत्रात दर चौरस मीटर क्षेत्रामागे ३११ वॉटचे जनित्र होते, नव्यात ते १९५ वॉटच्या आसपास आहे.

हा बदल कोकणाच्या वाऱ्याला मानवणारा आहे. आपल्याकडे जोराचा वारा जून ते ऑगस्टमध्ये येतो. एरवी दुपारनंतरचे खारे वारे असतात, पण त्यांचा जोर मध्यमच असतो. मोठे जनित्र लावले तर ते पावसाळ्याचे तीन महिने भरभरून चालेल आणि उरलेले नऊ महिने अर्धपोटी राहील. मोठी पाती आणि बेताचे जनित्र या जोडीला दर किलोवॉटमागे पैसे जास्त पडतात, म्हणून किमतीच्या तक्त्यात ते यंत्र महाग दिसते, पण वर्षाची युनिटे धरली की बरेचदा तेच स्वस्त ठरते. विक्रेता दर मेगावॉटचा भाव सांगू लागला तर त्याला दर चौरस मीटरचा भाव आणि आपल्या जागेवरची वार्षिक युनिटे अवश्य विचारावीत.

असे असले तरी ‘एकच’ मोठी पवनचक्की बसवण्याच्या मी विरुद्ध आहे. १४० मीटर व्यासाचे एक पाते ६८-६९ मीटरचे, आणि ते सहसा तुकडे न करता आणावे लागते. फोंडा किंवा आंबा घाटाच्या वळणांवरून ते उतरवणे ही कल्पनाच सोडून द्यावी. मनोऱ्याच्या तळाचा व्यासही रस्त्यावरून नेता यावा म्हणून सव्वाचार-साडेचार मीटरच्या आत ठेवावा लागतो, आणि त्यामुळे मनोरा उंच करताना पत्रा नाइलाजाने जाड करावा लागून पोलाद अधिक लागते. जयगडसारख्या बंदरात सामान उतरवता येईल, पण बंदरापासून सड्यापर्यंतचे गावरस्ते, त्यांच्या कडेचे जांभ्याचे गडगे, अरुंद साकव आणि विजेच्या तारा यांचे काय करायचे, हे खर्चात धरावेच लागेल. यंत्र वर चढवणारी क्रेन स्वतःच सुट्या भागांत कित्येक ट्रेलरवरून येते. कातळात कलमांसाठी खड्डे काढायला जेसीबी बोलावला की एका खड्ड्यासाठी आणि वीस खड्ड्यांसाठी त्याचे येण्याजाण्याचे भाडे सारखेच पडते, तशीच गत इथे आहे, फक्त आकडा लाखांऐवजी कोटींच्या भाषेत जातो. उपकेंद्र आणि वीजवाहिनी यांचेही तसेच.

मग रांगेने अनेक यंत्रे बसवावीत, तर दोन यंत्रांत व्यासाच्या पाच ते आठ पट अंतर हवे, म्हणजे १४० मीटरच्या यंत्रासाठी ७०० मीटर ते सव्वा किलोमीटरच्या आतले अंतर. आपले सडे इतके सलग आणि एका मालकीचे क्वचितच असतात. महाराष्ट्रातली मोठी पवनऊर्जा क्षेत्रे साताऱ्यातल्या वनकुसवडे-चाळकेवाडीसारख्या घाटमाथ्यावरच्या पठारांवर का गेली, याचे उत्तर यात बरेचसे आहे. गंमत अशी की, अकराशे मीटरहून उंच असलेल्या त्या पठारांवर हवा किनाऱ्यापेक्षा सुमारे दहा टक्के विरळ असते आणि त्या प्रमाणात शक्ती कमी मिळते. तरीही जोरदार वारा आणि मोकळी जागा यांच्यापुढे तो तोटा किरकोळ ठरतो.

प्रश्न : निसर्ग वादळानंतर आमच्याकडे अजून कित्येक बागा सावरलेल्या नाहीत. अशा ठिकाणी वादळ सोसणारी पवनचक्की हवी असेल तर खर्च किती वाढतो?
— एक निवृत्त शिक्षिका, श्रीवर्धन

उत्तर : ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आपल्याच परिसरात किनाऱ्याला भिडले आणि पुढच्याच वर्षीच्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला समांतर वर गेले, तेव्हा हा प्रश्न मुळीच पुस्तकी नाही. आंतरराष्ट्रीय मानकात कमी वाऱ्याच्या वर्गातले यंत्र दहा मिनिटांच्या सरासरीने सेकंदाला ३७.५ मीटर वेगाचा वारा सोसेल असे बांधतात, सर्वांत वरच्या नेहमीच्या वर्गात ही मर्यादा ५० मीटर असते, आणि उष्णकटिबंधीय वादळांसाठीच्या खास वर्गात ५७ मीटर. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे ३७.५ वरून ५७ वर जाताना दाब सुमारे २.३ पट होतो.

यंत्राची किंमत मात्र २.३ पट होत नाही. पात्यांची आणि मनोऱ्याची कित्येक मापे एका वादळाच्या दाबावर ठरत नसून वीस-पंचवीस वर्षांतल्या कोट्यवधी हेलकाव्यांच्या थकव्यावर ठरतात. तिथे आधीच जाडी असते. वाढ होते ती मुख्यतः पात्यांच्या मुळाशी, मनोऱ्यात आणि पायात. कोकणापुढचा पेच असा की, कमी वाऱ्याच्या महिन्यांसाठी मोठी पाती हवीत आणि वादळासाठी लहान. दोन्ही साधायचे तर जाड मनोरा आणि भक्कम पाया घ्यावाच लागतो. याखेरीज एक बाब अंदाजपत्रकात बहुतेक वेळा विसरली जाते. वादळात गावाची वीज जाते, आणि त्याच वेळी यंत्राला तोंड वाऱ्याकडे ठेवण्यासाठी आणि पाती वळवून धरण्यासाठी वीज लागते. ती पुरवणारी राखीव व्यवस्था एकूण खर्चाच्या मानाने स्वस्त असते, पण ती नसली तर वारा आडवा लागून सारे यंत्रच धोक्यात येते.

प्रश्न : गिअरबॉक्स नसलेली आणि दोनच पात्यांची पवनचक्की स्वस्त पडते असे ऐकले. ते खरे आहे का?
— अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी, चिपळूण

उत्तर : ही दोन निरनिराळी विधाने आहेत. गिअरबॉक्स काढला की जनित्राला पात्यांच्याच संथ गतीने फिरावे लागते, आणि संथ जनित्र फार मोठे, जड व तांब्याने किंवा चुंबकांनी भरलेले असते. वर उल्लेखलेल्या प्रारूपात दीड मेगावॉटसाठी गिअरबॉक्स आणि साधे जनित्र मिळून सुमारे अडीच लाख डॉलर धरले आहेत, तर थेट जोडणीच्या जनित्राला सव्वातीन लाखांहून थोडे अधिक. म्हणजे खरेदीत बचत नाहीच. बचत झाली तर ती देखभालीत होते. एन्‌रकॉन या जर्मन कंपनीने १९९० च्या दशकापासून जमिनीवरही हीच रचना चालवून दाखवली. गिअरबॉक्स बदलायला पुन्हा मोठी क्रेन आणावी लागते आणि क्रेन आणणे जिकिरीचे असेल तिथे या रचनेचे पारडे जड होते. म्हणून कोकणासाठी मी तिचा विचार जरूर करीन, फक्त खारी हवा जनित्रात शिरणार नाही अशी बंदिस्त रचना आहे ना, हे पाहून.

दोन पात्यांनी एका पात्याचा खर्च वाचतो आणि वीज काही टक्केच कमी मिळते, हे खरे. पण तेवढी वीज काढायला पाती जास्त वेगाने फिरवावी लागतात, आवाज वाढतो आणि पाती उभी-आडवी होताना मनोऱ्यावर विषम झटके बसतात. ते झटके पेलणारा झुलता हब (पाती जिथे जोडलेली असतात तो मधला भाग) बसवला की वाचलेल्या पैशांचा मोठा भाग तिथे जातो. आपल्या पावसात आणखी एक तोटा आहे. वेगाने फिरणाऱ्या टोकांवर पावसाचे थेंब आदळून पात्यांची पुढची कड झिजते, आणि वेग वाढला की ही झीज झपाट्याने वाढते.

प्रश्न : पावसाळ्यात सौर वीज घटते, पण वारा वाढतो. म्हणून आमच्या घरगुती निवासाच्या कौलारू छपरावर तीन मीटर व्यासाची छोटी पवनचक्की बसवावी का?
— एक निवास-व्यावसायिक, गुहागर

उत्तर : बसवू नये. माडांच्या आणि घरांच्या मध्ये छपराच्या उंचीवर वर्षाची सरासरी सेकंदाला साडेतीन मीटर धरली, तर तीन मीटर व्यासाच्या यंत्रातून दिवसाला जेमतेम दोन युनिटे मिळतील; एक किलोवॉटचे सौर पॅनेल सरासरीने चार युनिटांच्या आसपास देते. लहान यंत्रात नियंत्रण, मनोरा आणि बसवणूक यांचा ठरावीक खर्च फारच थोड्या चौरस मीटरवर पसरतो, म्हणून दर युनिटचा दर सर्वांत जास्त तिथेच पडतो. शिवाय यंत्राची थरथर वाशांत उतरून कौले सरकतात ते वेगळेच. घरगुती सौर यंत्रणेला पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या यंत्रणेसाठी कमाल ७८ हजार रुपयांचे अनुदान आहे. परंतु योजनेतील दर राहत्या घराच्या जोडणीसाठी आहेत, तेव्हा आपली जोडणी घरगुती आहे की व्यावसायिक, याची चौकशी वीज कंपनीच्या स्थानिक कार्यालयात आधी करावी. पावसाळ्यात सौर वीज घटते आणि वारा वाढतो हे आपले निरीक्षण बरोबर आहे. पण त्या चार महिन्यांची तूट वीजजोडणीवरून भरून काढणे हे छपरावर पवनचक्की चढवण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडेल.